प्रयोग चालूच आहे, नोंद तेवढी नाही

गेल्या पावसाळ्यात आमच्या तालुक्याच्या गावी, वाचनालयाच्या माडीवर, एक चर्चा झाली. डोक्याला मार लागलेल्या रुग्णांवरील औषधांच्या ज्या चाचण्या जगभर चालतात, त्यांत आपल्या जिल्ह्यातील रुग्णालयांनीही भाग घ्यावा की नाही, असा प्रश्न एका तरुण डॉक्टरांनी मांडला होता. बाहेर पागोळ्या धो धो गळत होत्या, वीज गेलेली होती, आणि तरीही माणसे दोन तास जागची हलली नाहीत. त्यात नवल नाही, कारण ज्या घरातले कोणी माडावरून, आंब्यावरून किंवा दुचाकीवरून पडलेले नाही असे घर आमच्याकडे विरळाच. मात्र वाद ज्या रीतीने झाला ती रीत मला खटकली. एक गट म्हणत होता, ‘आधी न्यूरोसर्जन द्या, मग संशोधनाचे बघू.’ दुसरा म्हणत होता, ‘कोकणातला माणूस म्हणजे प्रयोगशाळेतला उंदीर नव्हे.’ तिसरा गट संशोधनाची बाजू घेणारा. पण पहिल्या दोघांना अडाणी ठरवण्यापलीकडे त्याच्याकडेही सांगण्यासारखे फारसे नव्हते. टाळ्या तिघांनाही पडल्या.

माझे म्हणणे आधीच सांगून टाकतो. उपचार एकीकडे आणि संशोधन दुसरीकडे ही वाटणीच चुकीची आहे. एखाद्या औषधाचा खरोखर उपयोग होतो की नाही हे कोणालाच ठाऊक नसताना ते सवयीने देत राहणे, हाही प्रयोगच असतो. फक्त त्याला कोणाची परवानगी लागत नाही, त्याचा निकाल कोणी लिहून ठेवत नाही आणि त्यातून पुढच्या रुग्णाच्या पदरात काही पडत नाही. असा प्रयोग आपल्याकडे आजही चालू आहे. त्यापेक्षा परवानगी घेऊन, नियम आखून आणि निकाल नोंदवून केलेली चाचणी रुग्णाच्या अधिक हिताची असते, आणि कोकणाने तिच्यापासून दूर राहणे हे कोकणाच्याच नुकसानीचे आहे.

मेंदूभोवती तीन आवरणे असतात. कवटी आणि सर्वांत बाहेरचे जाड आवरण यांच्यामध्ये रक्त साचले, तर बहुधा एखादी धमनी फाटलेली असते. असा माणूस पडल्यावर उठून बसतो, चहा घेतो, ‘काही झाले नाही’ म्हणतो आणि दोन-चार तासांत बेशुद्ध होतो. जाड आवरणाच्या आतल्या बाजूला साचलेले रक्त काही तासांत जीव घेते, नाहीतर म्हाताऱ्या माणसात आठवडेच्या आठवडे हळूहळू वाढत राहते. मधल्या जाळीदार आवरणाखाली रक्त उतरते ते मार लागल्यामुळे, किंवा धमनीवरचा फुगा आपोआप फुटल्यामुळे. तिन्ही ठिकाणी अडचण एकच असते: कवटी हाडाची असल्यामुळे ती फुगत नाही, आणि साचलेल्या रक्ताला जागा द्यायची म्हणजे मेंदूलाच चेपून घ्यावे लागते. म्हणून या आजारात दिवसांपेक्षा तासांना किंमत आहे.

आता पहिला आक्षेप, जो मला सर्वांत वजनदार वाटतो. साचलेले रक्त औषधाने निघत नाही, कवटी उघडावी लागते, आणि ती उघडणारा सर्जन आपल्याकडे बहुतेक वेळा नसतो. १९८१ साली अमेरिकेत ८२ रुग्णांचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. जाड आवरणाखाली अचानक रक्तस्राव झालेल्या ज्या रुग्णांची शस्त्रक्रिया ४ तासांच्या आत झाली, त्यांपैकी ३० टक्के दगावले. ज्यांची त्यानंतर झाली, त्यांपैकी ९० टक्के. पुढच्या अभ्यासांत ही सीमारेषा इतकी ठळक दिसली नाही हे खरे, पण ‘घाई करा’ हा सल्ला कोणी मागे घेतलेला नाही. आता हे चार तास आपल्या नकाशावर मांडून पाहा. रत्नागिरीहून आंबा घाट चढून कोल्हापूर गाठायचे तर सव्वाशे किलोमीटरच्या पुढे. सावंतवाडीकडचा माणूस गोव्यात बांबोळीला जातो. पावसात घाटात दरड आली तर सगळेच गणित कोलमडते. त्याआधी पडलेल्या माणसाला बागेतून खाटेवर घालून सड्यावरच्या पायवाटेने डांबरी रस्त्यापर्यंत आणायचे असते, ते वेगळेच. तेव्हा सर्जन हवा, स्कॅन रात्रीही चालू हवा, या मागण्यांवर माझी सही सर्वांत वर घ्यावी.

पण सर्जन आला म्हणून मधले तास संपत नाहीत. सिंधुदुर्गात आणि रत्नागिरीत शासकीय वैद्यकीय महाविद्यालये निघाली ही आनंदाची गोष्ट आहे. उद्या दोन्हीकडे न्यूरोसर्जन चोवीस तास बसला, तरी विजयदुर्गचा, आंबोलीचा, गुहागरचा किंवा मंडणगडचा माणूस त्याच्या टेबलापर्यंत पोहोचायला वेळ लागणारच. त्या वेळात प्राथमिक आरोग्य केंद्रातल्या डॉक्टरांनी किंवा १०८ च्या गाडीतल्या डॉक्टरांनी नेमके काय करायचे? याचे उत्तर सर्जन देऊ शकत नाही. ते चाचणीनेच मिळते, आणि त्याचा एक भाग मिळालेलाही आहे.

ट्रॅनेक्सॅमिक आम्ल हे औषध आपल्या बायाबापड्यांना नावाने नसले तरी गोळीने ओळखीचे आहे. अंगावरून फार जाते तेव्हा डॉक्टर हेच देतात. उताको आणि शोसुके ओकामोतो या जपानी दांपत्याने ते शोधून १९६२ साली जाहीर केले, आणि उताकोबाईंच्या डोळ्यांसमोर बाळंतपणात रक्तस्रावाने मरणाऱ्या स्त्रिया होत्या. साखळलेले रक्त शरीर पुन्हा विरघळवते, ती क्रिया हे औषध रोखते. अपघातातल्या रक्तस्रावावर त्याचा उपयोग होतो का, हे पाहायला मात्र २०१० साल उजाडले. ‘क्रॅश–२’ या चाचणीत ४० देशांतील २०,२११ रुग्ण होते आणि त्यांत भारतीय रुग्णालयांचा वाटा मोठा होता. मृत्यू घटले. त्याहून मोलाची गोष्ट पुढच्या वर्षी त्याच आकड्यांतून बाहेर आली: मार लागल्यापासून पहिल्या तासात औषध मिळाले तर सर्वाधिक लाभ, आणि ३ तास उलटून गेल्यावर दिले तर रक्तस्रावाने मरणाऱ्यांचे प्रमाण उलट वाढते. तेच औषध, तीच मात्रा. घड्याळाचा काटा पुढे सरकला आणि तारक होते ते मारक झाले.

मग २०१९ साली खास डोक्याच्या मारासाठी ‘क्रॅश–३’ झाली. २९ देश, १२,७३७ रुग्ण. सौम्य आणि मध्यम मार असलेल्या ज्या रुग्णांना ३ तासांच्या आत औषध मिळाले, त्यांच्यातले डोक्याच्या माराने होणारे मृत्यू सुमारे २२ टक्क्यांनी कमी झाले. अतिगंभीर रुग्णांत फरक दिसला नाही. आणि सगळ्यांना एकत्र धरले तर लाभ ठामपणे सांगावा इतका पक्का ठरला नाही. पाठोपाठ अमेरिका आणि कॅनडात झालेल्या दुसऱ्या एका चाचणीत सहा महिन्यांनंतरच्या स्थितीत लक्षणीय अंतर आढळले नाही. अशा वेळी ‘औषध सिद्ध झाले’ म्हणणाराही चुकतो आणि ‘फोल ठरले’ म्हणणाराही. प्रश्न उघडा आहे, आणि त्याचा जो भाग सर्वांत उघडा आहे तोच आपला आहे. ब्रिटनमध्ये हे औषध शिरेतून देण्याऐवजी स्नायूत टोचून, घरी पडलेल्या वयस्कर माणसांना, ॲम्ब्युलन्समध्येच देता येईल का, हे तपासायला चाचणी हाती घेतली गेली. स्नायूत टोचायचे इंजेक्शन आपल्या उपकेंद्रातल्या सिस्टरही देऊ शकतात. पण लंडनच्या रस्त्यावरचा निकाल वैभववाडीच्या घाटात जसाच्या तसा लागू पडेल, हे कोणी आणि कशाच्या जोरावर सांगायचे?

अशा चाचणीत औषध कोणाला द्यायचे हे चिठ्ठ्या टाकून ठरवतात. इथे कोणी म्हणेल, एवढे निरुपद्रवी औषध आहे तर चिठ्ठ्या टाकून अर्ध्यांना द्या आणि अर्ध्यांना नको, हा निर्दयपणा कशासाठी? सरसकट सगळ्यांनाच द्या. माडीवर हा मुद्दा एका निवृत्त शिक्षकांनी अत्यंत कळकळीने मांडला आणि मला तो क्षणभर पटलाही. त्याला उत्तर इतिहासात आहे. डोक्याला मार लागला की मेंदूला सूज येते, आणि स्टिरॉइड सूज उतरवतात; मग मार लागलेल्या रुग्णाला स्टिरॉइड द्यावे, हे इतके उघड वाटत होते की तीस वर्षांहून अधिक काळ जगभरचे डॉक्टर ते देत होते. त्यांत निष्काळजी कोणी नव्हते. आपापल्या रुग्णावर जीव लावणारीच ही माणसे होती. २००४ साली ‘क्रॅश’ या पहिल्या चाचणीचा निकाल आला. तीत २०,००० रुग्ण घ्यायचे ठरले होते. १०,००८ वर ती थांबवावी लागली, कारण स्टिरॉइड मिळालेल्यांपैकी २१.१ टक्के दोन आठवड्यांत मरण पावले होते आणि न मिळालेल्यांपैकी १७.९ टक्के. शंभरामागे तीन माणसे. ज्या डॉक्टरांकडे वर्षाला चाळीस असे रुग्ण येतात, त्यांना हा फरक आयुष्यभरात दिसणे शक्य नाही; कारण प्रत्येक मृत्यूला अपघात हे पुरेसे कारण हाताशी असते. चिठ्ठ्या टाकल्या नसत्या तर ही तीन माणसे आजही मरत राहिली असती आणि नातेवाईक डॉक्टरांना हात जोडत राहिले असते.

हे मी तटस्थपणे लिहू शकत नाही, त्याला कारण आमची थोरली आत्या. ती ७८ वर्षांची होती. माजघरातून पडवीत येताना ठेंगण्या दाराची चौकट तिच्या कपाळावर आदळली. टेंगूळ आले, हळद लावली, विषय संपला. दीड महिन्याने ती चुलीवर दूध ठेवून विसरू लागली, उजवा पाय ओढू लागली, आणि एकदा मला माझ्या वडिलांच्या नावाने हाक मारली. शेजारच्या काकी म्हणाल्या, ‘म्हातारपणात ह्या असा चालूचाच.’ देवळात गाऱ्हाणे घालून झाले. शेवटी एका खासगी रुग्णालयात स्कॅन काढला, तेव्हा मेंदूच्या डाव्या बाजूला जुन्या रक्ताचा जाड थर निघाला. ती हृदयासाठी रक्त पातळ ठेवण्याच्या गोळ्या घेत होती, हे आम्ही कोणाला सांगितलेच नव्हते. तिथल्या डॉक्टरांनी, या वयात कवटीला भोक नको म्हणून, स्टिरॉइडच्या गोळ्या सुरू केल्या. तिची साखर ४०० च्या वर गेली, अंगावर सूज आली, ती बरळू लागली. मग घाट चढून शहरात नेले, कवटीला छोटे छिद्र पाडून काळपट, पातळ रक्त बाहेर काढले, आणि दुसऱ्या दिवशी तिने मला माझ्या नावाने हाक मारून चहात साखर का नाही, असे विचारले.

हे २०१६ साली घडले. त्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. त्या काळी अनेक जण तसेच करत. २०२० साली ब्रिटनमधील एका चाचणीत नेमका हाच प्रश्न ७४८ रुग्णांवर तपासला गेला. स्टिरॉइड मिळालेल्या गटात पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागण्याचे प्रमाण घटले, म्हणजे एका अर्थी औषध ‘लागू पडले’. पण सहा महिन्यांनी चांगल्या स्थितीत असलेले रुग्ण स्टिरॉइडच्या गटात ८३.९ टक्के होते आणि औषध नसलेल्या, नुसत्या दिखाऊ गोळीच्या गटात ९०.३ टक्के. यातल्या बहुतेकांची शस्त्रक्रिया झालेली होती, त्यामुळे आत्याला हा निकाल शब्दशः लागू होत नाही, आणि एका आत्यावरून काही सिद्धही होत नाही. माझा मुद्दाच तो आहे. तिच्यावर झाला तो प्रयोगच होता, पण रुग्णसंख्या एक, तुलनेला कोणी नाही, संमती नाही, आणि नोंद म्हणाल तर माझ्या कपाटातली एक फाईल.

दुसरा आक्षेप नैतिक आहे, आणि त्याला अडाणीपणा म्हणणाऱ्यांनी आपल्याच देशाचा इतिहास वाचलेला नाही. २००९ साली आंध्र आणि गुजरातमध्ये शाळकरी मुलींना गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील लस देण्याचा एक प्रकल्प राबवला गेला. आईवडिलांऐवजी वसतिगृहांच्या अधीक्षकांनी संमतिपत्रांवर सह्या केल्याचे उघड झाले, २०१० साली तो थांबवावा लागला आणि २०१३ साली संसदीय समितीने त्यावर कडक ताशेरे ओढले. गरीब माणसाची ‘हो’ ही अनेकदा ‘नाही म्हणायची सोय नाही’ एवढ्याच अर्थाची असते. डोक्याच्या माराच्या बाबतीत तर रुग्ण स्वतः ‘हो’ही म्हणू शकत नाही. देवगड-रत्नागिरीकडे हापूसच्या बागांत राखणीला आणि काढणीला नेपाळी गडी येतात. त्यांतला एखादा मे महिन्यात फांदीवरून पडला, तर त्याच्यासोबत असतो दुसरा तसाच गडी, आणि घरचे माणूस असते शेकडो कोस दूर, फोन लागला तर. तीन तासांच्या आत कोणाची सही घ्यायची?

हा प्रश्न खरा आहे, पण तो सर्वत्रच खरा आहे, म्हणून त्यावर वाटा शोधल्या गेल्या आहेत. शुद्धीवर आल्यावर रुग्णाला सगळे सांगून पुढे ठेवायचे की वगळायचे हे त्याच्यावर सोडणे, नातेवाईक उशिरा पोहोचले तर त्यांना विचारणे, संशोधकांपासून स्वतंत्र असलेल्या नीतिसमितीने आधीच प्रत्येक कागद तपासणे. अमेरिकेत १९९६ पासून अशा चाचण्यांपूर्वी त्या भागातील लोकांशी जाहीर विचारविनिमय करण्याचा नियम आहे. आपल्याकडे २०१९ च्या नियमांनुसार चाचणीमुळे इजा झाल्यास मोफत उपचार आणि भरपाई देणे बंधनकारक आहे. आता तुलना करा. त्याच नेपाळी गड्याला चाचणीबाहेर, नेहमीच्या उपचारात, एखादे न पारखलेले औषध दिले, तर कोणती समिती ते पाहते? कोणती भरपाई मिळते? दुरुपयोग झाला म्हणून पहारा वाढवावा, हे मला समजते. पण जिथे पहारा आहे ते दार बंद करून जिथे पहारा नाही ते सताड उघडे ठेवणे, ही रुग्णाची काळजी कशी म्हणायची?

चिठ्ठी या शब्दावरही बरीच कुजबुज झाली. ‘जीव काय कौल लावून वाचवायचा?’ असे कोणी मागून म्हणालेही. पण कौलात आपण देवाला उत्तर विचारतो. इथे चिठ्ठी उत्तर देत नाही. औषध कोणाला मिळावे यात डॉक्टरांचा कल, रुग्णाची ओळखपाळख किंवा खिसा डोकावू नये एवढेच काम ती करते. धडधाकट दिसणाऱ्यांना औषध आणि मरणपंथाला लागलेल्यांना काही नाही, अशी वाटणी नकळत झाली, तर औषधात नसलेले गुण त्याच्या नावावर जमा होतात. एरवी गावच्या भातखाचरातले पाटाचे पाणी कोणाला आधी, हे चिठ्ठीने ठरले तर आपण त्याला न्याय म्हणतो. राहता राहिला कंपन्यांच्या फायद्याचा मुद्दा, तर साठ वर्षांपूर्वीच्या, मक्तेदारी संपलेल्या औषधात कंपनीला रस नसतो; म्हणूनच ‘क्रॅश–३’ सार्वजनिक आणि धर्मादाय पैशातून करावी लागली.

‘संशोधन हे मोठ्या शहरांचे काम’ हा समज तर कोकणाने केव्हाच खोटा पाडला आहे. लाल विंचू चावून मुले दगावणे ही एके काळी रायगड-रत्नागिरीत नेमाची गोष्ट होती. महाड तालुक्यातील बिरवाडीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात काम करणारे डॉ. हिंमतराव बावस्कर रात्र रात्र त्या मुलांच्या उशाशी बसून लिहून ठेवत गेले: कधी घाम आला, कधी हातपाय गार पडले, कधी छातीत पाणी झाले. ती टिपणे लंडनच्या ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापली गेली, रक्तदाबासाठीचे प्राझोसिन हे औषध त्यांनी वापरले आणि सुमारे ४० टक्क्यांवर असलेले मृत्यू जवळजवळ १ टक्क्यावर आले. पण मला त्याहून मोठी वाटते ती २०११ ची गोष्ट. ज्या प्राझोसिनने त्यांना नाव दिले, तेच एकटे पुरेसे आहे की प्रतिविष जोडल्यास अधिक बरे, याची महाडमध्येच त्यांनी ७० रुग्णांवर चिठ्ठ्या टाकून चाचणी घेतली. दहा तासांत बरे झालेले रुग्ण प्रतिविष जोडलेल्या गटात ९१.४ टक्के होते, आणि नुसत्या प्राझोसिनच्या गटात २२.९ टक्के. स्वतःच्या औषधाला स्वतःच्याच रुग्णालयात कसाला लावणारा हा माणूस रुग्णांना उंदीर समजत होता, असे महाडमध्ये कोणी म्हणून पाहावे. आणि विंचवाच्या बाबतीत पहिला फरक चिठ्ठीवाचून उघड्या डोळ्यांना दिसला, तो चाळीसाचा एक झाला म्हणून. डोक्याच्या मारात मामला शंभरात दोन-तीनचा असतो, तिथे नुसता डोळा कामाचा नाही.

साध्या नोंदीतूनही केवढे काम होते याचे एक उदाहरण देतो. १९३५ साली ‘लॉरेन्स ऑफ अरेबिया’ म्हणून गाजलेले ब्रिटिश अधिकारी टी. ई. लॉरेन्स मोटरसायकलवरून पडून मेंदूच्या माराने वारले. त्यांना तपासणाऱ्या डॉक्टरांत ह्यू केर्न्स हे न्यूरोसर्जन होते. केर्न्सनी पुढे मोटरसायकलस्वारांच्या डोक्याच्या जखमांची शिस्तीने नोंद ठेवली आणि १९४१ साली हेल्मेटची गरज आकड्यांनिशी मांडली. ब्रिटिश सैन्याने निरोप्या स्वारांना ते सक्तीचे केले. नागरिकांवर सक्ती व्हायला १९७३ उजाडले, यावरून हेल्मेटचा कंटाळा काही फक्त आपल्याकडचा नाही हेही दिसते.

आपल्याकडे अशी नोंद आहे का? आत्याच्या कागदांसाठी फिरताना एका ग्रामीण रुग्णालयातली नोंदवही मी चाळली होती. ‘माडावरून पडून डोक्यास मार’, ‘दुचाकी घसरून’, ‘चिरेखाणीत दगड लागून बेशुद्ध’, ‘विहिरीच्या काठावर घसरून’, अशा एकाखाली एक ओळी. कोण, वय काय, आणले किती वाजता, हे सगळे होते. पडला किती वाजता, हा रकाना बहुतेक ठिकाणी कोरा. आणि शेवटच्या रकान्यात, पानामागून पान, एकच मजकूर: ‘पुढे पाठविले’. पुढे म्हणजे कुठे, तो पोहोचला का, जगला का, जगला तर पुन्हा माडावर चढला की पडवीतल्या खाटेवरच राहिला, याचा त्या वहीत पत्ता नव्हता.

म्हणून माझी सूचना त्या वहीपासून सुरू होते. पडल्याची वेळ, औषध दिल्याची वेळ, स्कॅनची वेळ, आणि २८ दिवसांनी व सहा महिन्यांनी रुग्ण कसा आहे, एवढे दोन्ही जिल्ह्यांतल्या प्रत्येक केंद्राने लिहावे. आशाताई घरोघरी जातातच, त्यांना या कामाचा वेगळा मोबदला द्यावा. वर्षभराच्या अशा नोंदीवाचून चाचणीला हात घालू नये, कारण आपल्याकडे तीन तासांत किती जण डॉक्टरांपुढे पोहोचतात हेच आज सांगता येत नाही. त्यानंतर वैद्यकीय महाविद्यालयाने चाचणीचा आराखडा मराठीत, आणि बागायतीच्या गावांत नेपाळीतही, ग्रामसभेपुढे ठेवावा. नीतिसमितीत एक तरी माणूस असा असावा ज्याच्या घरातले कोणी घाट चढून गेले आणि परत आले नाही. ग्रामसभेने नको म्हटले तर त्या गावातल्या कोणालाही चाचणीत घेऊ नये. वहीतला शेवटचा रकाना मात्र त्या गावच्या रुग्णांसाठीही भरला जावा.